घुबडटोपीचं क्रोशा किट: मागवण्याआधी माझा अनुभव वाचा

डिसेंबरात आमच्या निफाडात पहाटे पारा पाच-सहा अंशांवर येतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतो आणि द्राक्षाच्या मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागाबागांतून शेकोट्या पेटतात. त्याच थंडीत माझा नातू पावणेसातला फाट्यावर शाळेच्या गाडीची वाट बघत उभा असतो. पहिलीत आहे. माकडटोपी घालायला तो तयार नाही, गाडीतली मुलं चिडवतात. मफलर बांधला तर गाडीत बसेपर्यंत सुटलेला असतो. गेल्या हिवाळ्यात दोनदा कान दुखला आणि दोन्ही रात्री घरात कुणी झोपलं नाही.

त्याला हवी होती घुबडाची टोपी. वर्गातल्या एका मुलाच्या डोक्यावर त्याने ती पाहिली होती: मोठे डोळे, चोच, वर दोन टोकदार शिंगं. मी बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. कार्यानुभवाच्या तासाला किती मुलींच्या हातात क्रोशाची सुई दिली याची मोजदाद नाही. तोरणं, रुमाल, रेडिओवरची झालर, सगळं केलं. बाळंतविड्यातल्या कुंच्या शिवल्या. पण क्रोशाची टोपी कधी केली नव्हती. सूनबाई म्हणाल्या, "आई, आता किट मिळतं, लोकर, सुई, डोळे, सगळं एका डब्यात." त्यांनीच मोबाईलवरून मागवलं. ८४९ रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला सांगायचंय ते कुठलंही किट घेताना उपयोगी पडावं.

पाचव्या दिवशी डबा आला. झाकणावर हसऱ्या मुलाचा फोटो. आत तपकिरी लोकरीचे दोन गुंडे, साय रंगाचा एक, पिवळ्या-काळ्याच्या दोन छोट्या लड्या, रबराच्या मुठीची एक सुई, बोथट टोकाची शिवायची सुई, प्लास्टिकचे दोन मोठे डोळे, त्यांच्या मागच्या चकत्या आणि चार पानी कृती. मांडणी सुंदर होती. नातवाने डोळे लगेच उचलले आणि आपल्या डोळ्यांवर धरून घरभर फिरला. त्याच्या त्या दहा मिनिटांच्या आनंदाबद्दल किटला पूर्ण गुण.

पण सुईवर नंबर नव्हता. बारीकसारीक गोष्ट वाटेल, पण नाही. क्रोशात सगळं माप सुईच्या जाडीवर ठरतं. साडेतीनची सुई आणि चारची सुई यांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक असतो आणि ऐंशी टाक्यांच्या टोपीत तो फरक दोन-तीन बोटांचा होतो. पुढे तीच टोपी पुन्हा करायची किंवा हरवलेली सुई बदलायची, तर कुठली आणायची? कृतीतही सुईचा नंबर नव्हता, "सोबतची सुई वापरा" एवढंच.

आता खरी अडचण. कृतीत लिहिलं होतं: पहिल्या फेऱ्यात सहा डबल क्रोशे, दुसऱ्यात बारा, तिसऱ्यात अठरा, असं प्रत्येक फेऱ्याला सहा वाढवत जा. आपण ज्याला खांब म्हणतो, सुईवर एक वेढा घेऊन जो उंच टाका काढतो, तोच डबल क्रोशे, हे मी वर्षानुवर्षं शिकवत आले. तसेच खांब घालायला लागले. पाचव्या फेऱ्यापर्यंत येईतो हातात टोपीचा माथा नव्हता, वाण्याच्या पुडीसारखा शंकू होता. मला वाटलं हात घट्ट झाला असेल. उसवलं, सैल हाताने पुन्हा घातलं. पुन्हा शंकूच.

मग डब्यावरचा तो चौकोनी कोड मोबाईलने उघडून व्हिडिओ पाहिला. व्हिडिओतली मुलगी घालत होती मुके खांब, सुईवर वेढा न घेता, बुटके. आणि तोंडाने म्हणत होती "सिंगल क्रोशे". कागदावर डबल, व्हिडिओत सिंगल, आणि दोन्हीकडे टोपी एकच!

इंग्रजीत क्रोशाच्या टाक्यांना दोन पद्धतींची नावं आहेत, एक ब्रिटिश आणि एक अमेरिकन. ब्रिटिश लोक ज्याला डबल क्रोशे म्हणतात तो अमेरिकेचा सिंगल क्रोशे, म्हणजे आपला मुका खांब. ब्रिटिशांचा ट्रेबल म्हणजे अमेरिकेचा डबल, म्हणजे आपला खांब. नाव एकच आणि टाका वेगळा. मुका खांब बुटका, म्हणून फेऱ्याला सहा वाढवले की वर्तुळ सपाट बसतं. खांब त्याच्या जवळजवळ दुप्पट उंच, त्याला फेऱ्यामागे बारा तरी वाढवावे लागतात. सहाच वाढवले तर कडेला टाके पुरत नाहीत आणि काम वर उभं राहतं. माझ्या शंकूचं कारण एवढंच होतं. कृती ब्रिटिश पद्धतीची होती आणि ते कागदावर कुठेही लिहिलेलं नव्हतं.

याची एक सोपी खूण आहे. कृतीत कुठेही "सिंगल क्रोशे" हा शब्द दिसला तर ती अमेरिकन, कारण ब्रिटिश पद्धतीत तो शब्दच नाही. नुसतेच डबल आणि ट्रेबल दिसले आणि सिंगल कुठेच नाही, तर थांबा, आधी चार फेरे घालून ताटावर ठेवून बघा, सपाट बसतं का. खरं तर आपल्याकडे साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब अशी स्पष्ट नावं आहेत. खांब म्हटला की डोळ्यासमोर उंची येते, मुका म्हटला की बुटका. माझ्या शाळेतली तिसरीतली मुलगीसुद्धा यात चुकली नसती. महाराष्ट्रात विकायच्या किटात मराठी कृतीचं एक पान घालायला असा किती खर्च येतो?

पुन्हा उसवलं आणि मुक्या खांबांनी केलं. बारा फेऱ्यांनंतर ७२ टाके झाले, कृतीप्रमाणे तिथे वाढ थांबवायची होती. डब्यावर लिहिलं होतं "वय ३ ते ८". नातवाच्या डोक्याचा घेर भुवयांच्या वरून टेपने मोजला तर ५२ सेंटिमीटर. माझ्या हाताने दहा सेंटिमीटरमध्ये सतरा मुके खांब बसतात, म्हणजे ७२ टाक्यांचा घेर झाला ४२. एवढी टोपी त्याच्या डोक्यावर नुसती ठेवता आली, खाली उतरली नाही. एवढ्या टोपीवर "वय ३ ते ८" लिहिणाऱ्याने टेप हातात घेतलेला दिसत नाही.

म्हणून मी ८४ टाक्यांपर्यंत वाढवलं. तेव्हा दुसऱ्या कानपट्टीच्या, म्हणजे कान झाकायला खाली सोडलेल्या पट्टीच्या, अर्ध्यात तपकिरी लोकर संपली.

कंपनीला कळवलं. सहा दिवसांनी उत्तर आलं, बोलणं सभ्य होतं आणि त्यांनी पैसे न घेता एक गुंडा पाठवला, हे मान्य करायला हवं. पण आधीच्या गुंड्यांच्या कागदपट्टीवर जो डाय लॉटचा आकडा होता, तो या गुंड्यावर वेगळा होता. लोकर रंगवताना प्रत्येक घाण्याचा रंग किंचित वेगळा उतरतो, म्हणून हा आकडा छापतात आणि म्हणूनच एका कामाची सगळी लोकर एकदम घ्यायची असते. ट्यूबलाइटखाली दोन्ही तपकिरी सारखेच दिसले. सकाळी अंगणात नेलं आणि एक कानपट्टी चहाच्या रंगाची, दुसरी अर्धी चहाची, अर्धी कॉफीची. नातू म्हणाला, "आजी, घुबडाला लागलंय का?"

तरीही मी ती टोपी पूर्ण केली असती. थांबले ते वेगळ्याच कारणाने.

आमच्या ओट्यासमोर संध्याकाळी शेकोटी असते. आजूबाजूची सगळी पोरं भोवती बसतात, वाकून वाकून काटक्या सारतात, ठिणगी उडते. किटमधल्या लोकरीच्या पुड्यावर छापलं होतं "सॉफ्ट वूल". मी तोडलेल्या धाग्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरला, खाली पाण्याची ताटली ठेवली आणि काडी लावली. धागा आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा मणी लोंबायला लागला. गार झाल्यावर तो मणी नखाने फुटेना, काचेसारखा टणक. वास प्लास्टिकचा. मेंढीची लोकर अशी वागत नाही. ती सहजासहजी पेटत नाही, पेटली तरी ज्योत बाजूला घेतली की विझत जाते, वास जळक्या केसांचा येतो, कारण ती शेवटी केसच आहे, आणि राख बोटांत चुरली की भुगा होते. माझ्या हातातला मणी सांगत होता की ही लोकर नाही, कृत्रिम धागा आहे, बहुधा ॲक्रिलिक.

ॲक्रिलिक वाईट असं मी म्हणत नाही. आपल्याकडे दुकानात "लोकर" म्हणून जे मिळतं त्यातलं बहुतेक तेच असतं, स्वस्त असतं, धुवायला सोपं, रंग पक्के, आणि माझ्या घरातले निम्मे स्वेटर त्याचेच आहेत. पण विकताना ॲक्रिलिकला ॲक्रिलिक म्हणा. ते वितळून चिकटतं. शेकोटीपाशी बसणाऱ्या पोराच्या कपाळावर ते असावं की नाही हे ठरवायचा हक्क घेणाऱ्याला आहे, आणि पुड्यावर "वूल" छापून तो काढून घेतला जातो. माझी या किटवरची सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. टाक्याची नावं चुकली तर उसवता येतं.

डोळ्यांचंही सांगते. प्लास्टिकचे डोळे बाहेरून चमकदार दिसतात, पण ते पक्के बसवायला आतून चकती दाबतात. ती चकती बरोबर कपाळावर येते. नातवाने पंधरा मिनिटं घातली, काढली तेव्हा दोन्ही भुवयांच्या वर लाल गोल उमटले होते. खेळण्यात असे डोळे ठीक, टोपीत नको. घरात रांगतं मूल असेल तर मुळीच नको, एखादा निघाला तर थेट तोंडात जाईल. शिवाय कृतीत कानपट्ट्यांना हातभर लांब गोफ सांगितले होते, हनुवटीखाली बांधायला. झोपाळा, घसरगुंडी, गाडीचं दार, असा गोफ कुठेही अडकू शकतो. एवढी वर्षं शाळेच्या मैदानावर उभी राहिले आहे, मुलांच्या गळ्याशी लांब दोरी मला बघवत नाही.

म्हणजे ८४९ रुपयांत मला जे मिळालं त्यात चेहऱ्याचा विचार झाला होता, डोक्याचा झाला नव्हता. टोपी आधी कानांसाठी असते. घुबड त्यानंतर.

मग एका शनिवारी नाशिकला मेन रोडवर गेले. भद्रकालीकडे उतरताना एका बोळात लोकरीचं जुनं दुकान आहे, मी नोकरीला लागले तेव्हापासून तिथे जाते. जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, त्यावर लुधियानाकडच्या गिरण्यांच्या लोकरीचे पुडे रंगाप्रमाणे लावलेले. दुकानदारदादा आता साठीचे असतील. त्यांना मी किटमधला तुकडा दाखवला. त्यांनी दोन बोटांत पीळ उलटा सोडला, पदर मोजले आणि म्हणाले, "बाई, हा धागा हलका आहे, चार वेळा उसवला की पिंजतो." खरंच, माझा तीनदा उसवलेला भाग पिंजून गेला होता.

शुद्ध लोकर मागितल्यावर त्यांनी वरच्या फळीवरून मेरिनोचा पुडा काढला. मेरिनो ही बारीक लोकरीची मेंढी, तिचा केस मऊ असतो. आपल्या धनगरांच्या दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि टोचरी, घोंगडीला तिच्यासारखी दुसरी नाही. माझ्या सासूबाईंची घोंगडी अजून पाऊस झेलते. पण लेकराच्या कपाळाला ती चालणार नाही. पन्नास ग्रॅमचा गुंडा २८० रुपयांना, रंग चारच. मला मातकट तपकिरी मिळाला. दोन गुंडे घेतले, दोन्हींवर एकच लॉट आहे हे दादांनी स्वतः चष्मा लावून तपासलं. चार नंबरची ॲल्युमिनियमची साधी सुई ६० रुपयांना, नंबर दांड्यावर कोरलेला. पांढरी, पिवळी आणि काळी लोकर माझ्या टोपलीत उरलेली होती. एकूण खर्च ६२०.

दुकानात घ्यायची सवय सुटली असेल तर एक करा: गुंडा हाताने चाचपून बघू नका, बोटांना घट्टे पडलेले असतात. मानेच्या मागे, केसांच्या खाली, एक मिनिट धरा. तिथे टोचलं तर मुलाच्या कपाळाला टोचणारच. ऑनलाइन घेताना हे करता येत नाही, आणि माझ्या मते दुकानात जायला एवढं एकच कारण पुरेसं आहे. दादांनी पुडा फोडून धागा मानेवर धरू दिला, घाई केली नाही, एकाच गुंड्यावर काम होतंय का तेही वजनाचा अंदाज करून सांगितलं आणि "उरला तर न फोडलेला गुंडा परत आणा" म्हणाले. सेवा म्हणतात ती ही. उणं काढायचं तर दुकानात उजेड फार कमी आहे, रंग बघायला रस्त्यावर यावं लागतं, आणि दुपारी एक ते चार ते बंद असतं.

आता घुबड. किटमधल्या घुबडाला शिंगं होती, डोक्यावरचे पिसांचे झुबके. पण आमच्या बांधावरच्या बाभळीवर जो बसतो तो पिंगळा, आणि पिंगळ्याला शिंगं नसतात. त्याचं डोकं गोल, वाटीसारखं, वर पांढरे ठिपके शिंपडलेले, पिवळे डोळे आणि वर दोन पांढऱ्या भुवया. संध्याकाळी विजेच्या तारेवर येऊन बसतो आणि कुणी टक लावून पाहिलं की मान वर-खाली करतो. नातवाला रोज दिसणारं घुबड तेच. मी विचारलं, "शिंगंवाला पाहिजे का आपला पिंगळा?" तो तारेकडे बघत राहिला आणि म्हणाला, "आपला."

हिशेब आधी कागदावर केला. डोकं ५२, टोपी दोनेक सेंटिमीटर कमी हवी म्हणजे घट्ट बसते, म्हणून ५०. पन्नासला ३.१४ ने भागलं की माथ्याच्या वर्तुळाची रुंदी येते १६. किटच्या कृतीत हे एक वाक्य असतं तर कुठल्याही वयाच्या मुलाला टोपी बसली असती. मी अर्धे खांब निवडले, उंचीने मुक्या खांबाच्या आणि खांबाच्या मधले. मुक्या खांबाने टोपी पत्र्यासारखी ताठ होते, पूर्ण खांबाने टाक्यांमधून वारं शिरतं. अर्धा खांब दाट आणि मऊ दोन्ही असतो. माझ्या हाताने दहा सेंटिमीटरमध्ये सोळा अर्धे खांब बसतात, तेव्हा पन्नासला ऐंशी. मधल्या कडीत आठ अर्धे खांब, मग प्रत्येक फेऱ्याला आठ वाढवायचे: १६, २४, ३२, असं करत दहाव्या फेऱ्याला ८०. ताटावर ठेवलं, सपाट आणि बरोबर सोळा. त्यानंतर न वाढवता तेरा फेरे सरळ. फेरा कुठे सुरू होतो ते कळायला लाल धाग्याचा तुकडा टाक्यात अडकवून ठेवायचा आणि दर फेऱ्याला वर सरकवायचा.

ऐंशी टाक्यांची वाटणी अशी केली: मागे १४, कानपट्टी १६, पुढे कपाळावर ३४, दुसरी कानपट्टी १६. कान डोक्याच्या मध्यावर नसतात, जरा मागे असतात, म्हणून पुढचा भाग मोठा. पुष्कळ जणी दोन्हीकडे सारखं अंतर ठेवतात आणि कानपट्टी गालावर येते. प्रत्येक कानपट्टीला आधी तीन ओळी सरळ, मग दोन्ही कडांना एकेक टाका कमी करत चार टाके उरेपर्यंत. ती कानाच्या पाळीच्या खाली दोन बोटं जाते. टोकाला शोभेपुरता चार बोटांचा गोफ आणि गोंडा, बांधायला काहीही नाही. टोपी मापात असली की बांधावी लागत नाही.

डोळे लोकरीचेच केले. काळ्याने सहा मुके खांब, भोवती पिवळ्याने बारा, भोवती पांढऱ्याने अठरा, आणि कपाळावर बारीक टाक्यांनी सपाट शिवले. वर पांढऱ्या भुवया साखळीच्या, मधे चोच. माथ्यावरचे ठिपके विणले नाहीत, शिवायच्या सुईने गाठीचे टाके घातले, एका जागी दाट, एका जागी विरळ. पिंगळ्याच्या अंगावर ते रांगेत नसतात. हे ठिपके घालायला माझा एक पूर्ण रविवार गेला आणि सगळ्या कामात मला सर्वात आवडलेला भाग तोच. नातू शेजारी बसून बोटाने दाखवत होता, "इथे एक. इथे दोन. इथे नको, इथे तो खाजवतो."

एकूण वेळ लागला नऊ तास, तीन दिवसांत विभागून. मी तो वहीत लिहून ठेवला, कारण मला एक गोष्ट पडताळायची होती. आठवडे बाजारात क्रोशाच्या टोप्या दीडशे रुपयांना टांगलेल्या असतात. सुयांवरचं विणकाम यंत्रावर होतं, क्रोशाचं होत नाही. खऱ्या क्रोशाचा प्रत्येक टाका कुणाच्या तरी हाताने घातलेला असतो. माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने हात चालत असेल असं धरलं तरी चार-पाच तास, आणि लोकर, आणि मधल्या माणसाचा नफा, हे सगळं दीडशेत. त्या बाईच्या हातात काय पडत असेल? तयार टोपी घ्यायची असेल तर जिथे करणारी बाई स्वतः बसलेली असते तिथून घ्या आणि तिच्याशी घासाघीस करू नका, एवढं मला मनापासून वाटतं.

टोपी घालून नातू पहिल्या दिवशी निघाला तेव्हा शेजारच्या आक्का दारातच होत्या. म्हणाल्या, "अहो बाई, शिकल्यासवरल्या तुम्ही, लेकराच्या डोक्यावर घुबड घातलंत? अपशकुनी जनावर." मी त्यांचा हात धरून बसवलं. म्हटलं, "आक्का, तुमच्या गव्हाचे उंदीर रात्री कोण खातं? हाच ना? पिंगळा बांधावरून गेला तर औषध टाकायची पाळी येईल तुमच्यावर. आणि लक्ष्मीचं वाहन म्हणून पूजेला चालतं ते लेकराच्या डोक्याला का नाही?" त्या काही बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी नातीला घेऊन आल्या, तिला सशाची पाहिजे म्हणाल्या.

ही टोपी आता दोन महिने रोज वापरात आहे. या हिवाळ्यात कान अजून दुखलेला नाही. तीनदा धुतली: कोमट पाणी, थोडा शाम्पू, चोळायचं नाही, पिळायचं नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचं आणि सावलीत आडवी पसरायची. मेरिनो गरम पाण्यात घातली आणि चोळली तर आटून नमदा होतो, मग बाहुलीलाच बसेल. वॉशिंग मशीनमध्ये टाकणार असाल तर माझी लोकर घेऊ नका, चांगलं बाळांचं ॲक्रिलिक घ्या आणि मुलाला शेकोटीपासून चांगलं लांब बसवा. डाव्या कानपट्टीवर थोडे गोळे आलेत, तिथे तो दप्तराचा पट्टा घासतो. ठिपक्यांतला एक सुटला होता, पुन्हा घातला.

किट कुणी घ्यावं? ज्यांच्या गावात लोकरीचं दुकानच नाही आणि ज्यांना मुलांबरोबर एक सुट्टी मजेत घालवायची आहे, त्यांनी घ्यावं, पण मागवण्याआधी तीन प्रश्न लिहून विचारा: धाग्यात नेमकं काय किती टक्के आहे, सुई किती मिलिमीटरची, आणि कृती ब्रिटिश की अमेरिकन. उत्तर आलं नाही तर पैसे देऊ नका. पाचपैकी दोन तारे देते, एक मांडणीसाठी आणि एक त्या फुकट पाठवलेल्या गुंड्यासाठी, रंग जुळला नसला तरी. मेन रोडवरच्या दुकानाला साडेचार, अर्धा उजेडासाठी कापला.

किटची लोकर वाया घालवली नाही. दोन तपकिरींची मिळून नातवाच्या पाण्याच्या बाटलीला पिशवी केली, तिच्यावर ते प्लास्टिकचे डोळे लावले, तिथे ते कुणाला टोचत नाहीत. आक्कांच्या नातीचं डोकं भरलं ५० सेंटिमीटर, त्यातून दोन वजा करून टाके काढले ७७. आठच्या पाढ्यात बसत नाहीत, म्हणून नऊ फेऱ्यांवर ७२ करून दहाव्यात पाचच वाढवतेय. सशाचे कान आतून गुलाबी पाहिजेत असा तिचा निरोप आलाय. शनिवारी पुन्हा नाशिक.